उजेड अडवायचा की ऊन?

मे महिन्याच्या अखेरीस इंदूरच्या घड्याळात दुपारचे बारा वाजतात, तेव्हा सूर्याचे बारा वाजायला अजून चोवीसेक मिनिटं बाकी असतात. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आणि इंदूर ७५.८६ अंशांवर. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. हिशेब साडेसव्वीस मिनिटांचा होतो आणि सूर्याच्या वार्षिक चढउतारात मेअखेरीस त्यातली दोन-तीन मिनिटं परत मिळतात. एवढ्याशा फरकाचं काय कौतुक, असं वाटेल. पण कचेरीत पाचचा चहा येतो तेव्हा सूर्याच्या हिशेबाने जेमतेम साडेचार झालेले असतात. तो पश्चिम क्षितिजाच्या वर सव्वीस-सत्तावीस अंशांवर असतो. डोक्यावर नव्हे, समोर. सहा वाजता तो तेरा-चौदा अंशांवर येतो आणि मावळतो सात वाजून गेल्यावर. म्हणजे पश्चिमेला तोंड असलेल्या काचेच्या इमारतीला कचेरी सुटेपर्यंत ऊन तोंडावरच झेलावं लागतं. वर कितीही छज्जा काढा, त्याचा उपयोग नाही, कारण हे ऊन वरून येतच नाही.

जुनी इंदूर ही खान आणि सरस्वती या नद्यांकाठची, होळकरांच्याही आधीपासूनची वस्ती. तिथल्या जुन्या घरांना हा प्रश्न फारसा पडत नसे. गल्ल्या अरुंद, समोरासमोरची घरं एकमेकांवर सावली धरून उभी, भिंती जाड, खिडक्या लहान आणि त्यांना काचेऐवजी लाकडी झडपा. झडप लोटली की उजेड, ऊन, धूळ आणि शेजाऱ्यांची नजर एकदमच बंद. वाटलं तर ओसरीच्या कडेला बाहेरून चिक सोडायची, अगदीच काहिली झाली तर वाळ्याचा पडदा भिजवून टांगायचा. आता रुंद केलेल्या रस्त्यांवर तसल्याच प्लॉटवर चार मजले चढतात. खाली दुकान, वर दवाखाना, त्याच्यावर कोचिंग क्लास किंवा सीएचं ऑफिस, आणि दर्शनी भाग सगळा काचेचा. पहिला उन्हाळा सोसून झाला की मालक ब्लाइंडच्या दुकानात जातो आणि दुकानदार नमुन्यांची जाड फाइल उघडण्याआधीच सांगतो, ‘भिया, ब्लॅकआउट लगा दो, झंझट खतम.’

झंझट संपत नाही. ती तिथून सुरू होते, आणि ती समजून घेण्यात जी मजा आहे तिच्यासाठीच हा लेख.

आधी उन्हाकडे पाहू. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातली ऊर्जा मोजली तर तिच्यातला निम्म्याहून थोडा कमी भाग आपल्याला दिसणारा, म्हणजे उजेड. चार-पाच टक्के अतिनील. आणि उरलेला, निम्म्याहून जरा जास्त, अवरक्त. तो आहे, कातडीला कळतो, पण डोळ्यांना त्याचा पत्ता नाही. खिडकीतून आत येणाऱ्या उन्हाचा मोठा हिस्सा असा गुपचूप येतो. साधी पारदर्शक काच उजेडाला जशी वाट देते तशीच या जवळच्या अवरक्तालाही देते. एखादी दीड मीटर रुंद, दोन मीटर उंच खिडकी घ्या. तीन चौरस मीटर काच. पश्चिमेच्या उन्हात तिच्यातून दर चौरस मीटरला पाचशे वॅट आत आले, असं धरलं तर दीड किलोवॉट होतात. कपड्यांची मोठी इस्त्री पूर्ण तापवून टेबलावर ठेवून द्यावी तसं हे आहे, आणि ती दुपारी तीनपासून कुणी बंद करत नाही. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर फेकतो. त्यातला चाळीस टक्क्यांहून अधिक दम या एका खिडकीपायी खर्च.

आता या खिडकीला आतून काळंकुट्ट, अजिबात उजेड न जाऊ देणारं कापड लावलं. खोलीत अंधार झाला आणि आपल्याला वाटलं, ऊन अडलं. कापडाने उजेड अडवला हे खरं. पण अडवला म्हणजे गिळला. गिळलेली ऊर्जा कुठे जाणार? कापड तापतं. पंचेचाळीस अंशांवर तापलेलं कापडही किरणं सोडतं, पण ती सूर्यासारखी नसतात. त्यांची तरंगलांबी नऊ मायक्रोमीटरच्या आसपास, उजेडाच्या सोळा-सतरा पट. आणि इथे काच आपला खरा स्वभाव दाखवते: सूर्याच्या किरणांना ती पारदर्शक आहे, पण या लांब तरंगांना ती भिंतीइतकी अपारदर्शक. ऊन आत आलं ते एका रूपात. आता रूप पालटल्यावर त्याला आल्या वाटेने परत जाता येत नाही. काळ्या कापडाने केलं काय, तर उन्हाचं वेषांतर करून त्याला आतच अडकवलं.

पांढरं कापड वेगळं वागतं. ते ऊन गिळत नाही, परतवतं, आणि परतवलेलं ऊन अजून ऊनच असतं, त्याच तरंगलांबीचं. काचेला ते ओळखीचं, ती त्याला बाहेर जाऊ देते. वातानुकूलनाच्या अभियंत्यांच्या जुन्या तक्त्यांमध्ये याचे आकडे आहेत आणि ते पहिल्यांदा वाचताना माणूस थबकतो. साध्या उघड्या काचेतून येणारी उष्णता शंभर धरली, तर आतून अपारदर्शक गडद रोलर ब्लाइंड लावल्यावर ५९ उरते. अपारदर्शक पांढरा लावला तर २५. आणि पांढरा पण उजेड झिरपू देणारा, म्हणजे ज्याला दुकानदार ‘हा ब्लॅकआउट नाही हं’ म्हणून बाजूला ठेवतो, तो लावला तर ३९. पुन्हा वाचा. खोलीत मऊ उजेड येऊ देणारं कापड हे मिट्ट अंधार करणाऱ्या काळ्या कापडापेक्षा खोली जास्त थंड ठेवतं. उजेड अडवणं आणि ऊन अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बाजारात ती एकाच शब्दाखाली विकली जातात.

(हे आकडे साध्या एकेरी काचेचे. दुहेरी किंवा उष्णता परतवणारी काच असेल तर काचच बरंचसं काम करते, आणि कापडाच्या रंगाने पडणारा फरक कमी होतो. काच कुठली आहे हे न विचारता कापड सुचवणाऱ्याचं फार ऐकू नये.)

मग ब्लॅकआउटवाले याचं काय करतात? ते दोन्ही रंग वापरतात. चांगलं ब्लॅकआउट कापड उलगडून त्याची कड पाहिली तर मधोमध एक बारीक काळी रेघ दिसते. मूळ विणलेल्या कापडावर आधी पांढऱ्या फेसाचा लेप चढवतात, त्याच्यावर काजळीने काळा केलेला लेप, त्याच्यावर पुन्हा पांढरा. कापड लेपाच्या यंत्रातून तीनदा जातं म्हणून व्यापारी त्याला ‘थ्री पास’ म्हणतात. उजेड मारतो तो मधला काळा थर. ऊन परतवतो तो काचेकडचा पांढरा. काळा थर उन्हाला दिसायच्या आधी पांढऱ्याने निम्म्याहून जास्त ऊन माघारी धाडलेलं असतं. रंग आतल्या बाजूला हवा तो घ्या, चॉकलेटी घ्या, किरमिजी घ्या. काचेकडची पाठ पांढरी हवी. पाठ कुठली हे बसवणाऱ्याला नीट सांगावं लागतं, कारण लोक देखणी बाजू रस्त्याकडे करून घेतात आणि सगळा खेळ उलटा होतो.

पांढऱ्याच्याही पुढची पायरी म्हणजे पाठीवर ॲल्युमिनियम. नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ थर निर्वात पेटीत धातूची वाफ करून कापडावर बसवतात. ही युक्ती आरशाचीच आणि आरशांची ओळख इंदूरकरांना कुणी करून द्यायला नको. इतवारिया बाजारातलं काच मंदिर, भिंती, खांब, छत, जमीन सगळीकडे काचा आणि आरसे मढवलेलं, सर सेठ हुकूमचंद यांनी बांधवलं. एक दिवा लावावा आणि तो शेकडो ठिकाणी परत भेटावा. गंमत अशी की याच हुकूमचंदांनी १९१५ मध्ये इंदुरात कापडाची गिरणीही काढली, पुढे पाऊण शतक चाललेली आणि १९९१ मध्ये बंद पडलेली. काच आणि कापड ही दोन्ही एकाच शेठच्या खात्यात होती. त्यांची खिडकीवर गाठ पडायची ती मात्र आपल्या काळात.

आणि आज खिडकीवर येणारं कापड पुष्कळदा काचेचंच असतं. ऑफिसांत सर्रास दिसणारं ते बारीक जाळीचं ‘सनस्क्रीन’ कापड पाहा. त्याचा धागा म्हणजे काचेचे केसाहूनही बारीक तंतू, वर पीव्हीसीचा लेप. वजनाने एक तृतीयांशाच्या आसपास काच, बाकी पीव्हीसी. विणून झाल्यावर ते तापवतात, मग धागे एकमेकांवर जिथे ओलांडतात तिथे चिकटून जातात आणि जाळीची भोकं हलेनाशी होतात. काच ताणत नाही, ओलीने आक्रसत नाही, म्हणून तीन-तीन मीटर उंच पडदाही वर्षानुवर्षं सरळ लोंबतो. पॉलिस्टरच्या धाग्याचं कापड मऊ आणि हाताळायला बरं, पण लांबलचक पट्ट्यात उन्हाने कालांतराने थोडं ढिलं पडू शकतं.

या जाळीच्या कापडावर एक आकडा छापलेला असतो: १ टक्का, ३ टक्के, ५ टक्के, १० टक्के. त्याला ‘ओपननेस’ म्हणतात. कापडाच्या शंभर भागांपैकी किती भाग भोकांचा, एवढाच त्याचा अर्थ. लोक समजतात की तीन टक्केवाल्यातून तीन टक्केच उजेड येतो. तसं नाही. भोकांतून तीन टक्के सरळ येतो. शिवाय धागाच फिका असेल तर धाग्यातूनही उजेड झिरपतो. तीन टक्के ओपननेसच्या पांढऱ्या कापडातून एकूण उजेड दहा टक्क्यांपलीकडेही जाऊ शकतो, काळ्यातून तीनाच्या आसपास. दोन्ही कापडांची भोकं सारखी, उजेड वेगळा.

आता त्याहून मोठं नवल. पांढरं जाळीचं कापड आणि काळं जाळीचं कापड शेजारी शेजारी टांगून बाहेर पाहा. अंदाज काय? पांढऱ्यातून जास्त उजेड येतो, तेव्हा त्यातून जास्त स्पष्ट दिसेल. दिसतं उलटं. काळ्यातून रस्ता, समोरची पाटी, पाटीवरची अक्षरंसुद्धा ओळखू येतात. पांढऱ्यातून नुसतं धुकं. कारण पांढरा धागा उन्हात स्वतःच उजळतो, आणि डोळा त्या उजळलेल्या धाग्यांपलीकडचं पाहूच शकत नाही. काळा धागा उजळत नाही, तो नजरेतून नाहीसा होतो, उरतात फक्त भोकं आणि भोकांतून बाहेरचं जग. जुन्या वाड्यांतल्या झरोक्यांचं आणि चिकेचं हेच गणित. आतली बाजू अंधारी, बाहेर लख्ख ऊन. आतल्या बाईला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला ती दिसत नाही. रात्री दिवा लागला की मामला उलटतो, आतलं सगळं बाहेर दिसतं. दिवसा खाजगीपणा देणारं जाळीचं कापड रात्री तो देत नाही, हे दवाखान्यांच्या तपासणीच्या खोल्यांना माहीत असायला हवं. अनेकांना ते पहिल्या संध्याकाळी रस्त्यावर उभं राहून वर पाहिल्यावर कळतं.

तर पेच असा पडला: गडद कापडातून दृश्य सुरेख दिसतं पण ते तापतं, पांढरं थंड ठेवतं पण दृश्य पुसून टाकतं. यातूनही वाट काढली आहे. काही कापडं एका बाजूने गडद आणि दुसऱ्या बाजूने धातूसारखी चकचकीत विणतात किंवा लेपतात. आणि रसायनशास्त्रज्ञांनी असे काळे रंग तयार केले आहेत जे दिसणारा उजेड गिळतात पण अवरक्त परतवतात. डोळ्यांना काळे, उन्हाला पांढरे. रंग म्हणजे काय, हा प्रश्न तिथे जरा डळमळतो. आपण ज्याला काळा म्हणतो तो फक्त आपल्या डोळ्यांच्या खिडकीपुरता काळा असतो.

निवडून अडवणं ही गोष्ट इंदूरला तशी नवी नाही. १८६६ च्या सुमारास लाला दीनदयाळ इथल्या बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला नोकरीला लागले. दुसरे तुकोजीराव होळकर आणि इंदूरच्या रेसिडेन्सीतले सर हेन्री डेली यांच्या उत्तेजनाने त्यांनी छायाचित्रणात नाव काढलं, आणि पुढे ते हिंदुस्थानातले सगळ्यांत प्रसिद्ध छायाचित्रकार झाले. त्या काळातल्या काचेच्या प्लेटांना निळ्या-जांभळ्या उजेडाचा फार सोस, लाल उजेडाचा जवळजवळ पत्ताच नाही. म्हणून प्लेटा धुण्याची खोली पूर्ण अंधारी नसायचीच. लाल किंवा नारिंगी काचेतून आलेल्या उजेडात माणूस बघू शकत होता आणि प्लेट आंधळी राहत होती. उष्णता अडवून उजेड सोडणारी आजची महागडी काच याच जातकुळीतली. फक्त इथे आंधळं ठेवायचं आहे ते खोलीतल्या थर्मामीटरला.

अंधाराचा विषय निघालाच आहे, तर ‘ब्लॅकआउट’ म्हणजे नेमका किती अंधार? मे महिन्यातल्या भर दुपारचं ऊन एक लाख लक्स. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्स. चार लाख पटींचा हा फरक डोळा दोन्हीकडे निभावून नेतो. इतक्या ताकदवान यंत्रासमोर ‘९९ टक्के उजेड अडवतो’ या दाव्याला काही अर्थ नाही. पश्चिमेच्या काचेच्या आत पन्नास हजार लक्स आले आणि कापडाने ९९ टक्के अडवले, तरी कापडाच्या आतल्या अंगाला पाचशे लक्स उरतात. ऑफिसच्या टेबलावर दिव्यांनी आपण जेवढा उजेड करतो, तेवढाच हा. ९९.९ टक्के अडवले तर पन्नास. कोचिंग क्लासमधला तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर चार चौरस मीटरच्या पडद्यावर साडेसातशे लक्स टाकतो. त्यावर बाहेरचे दोन-तीनशे मिसळले की आलेखातल्या फिक्या रेषा गेल्याच म्हणायच्या, आणि मागच्या बाकावरची मुलं त्या समोरच्याच्या वहीतून उतरवून घेतात.

त्यातून मोठा चोर कापडात नसतोच, तो कडांना असतो. रोलर ब्लाइंडचं कापड चौकटीपेक्षा थोडं अरुंद ठेवावंच लागतं, नाहीतर नळी फिरवणारे ब्रॅकेट आणि चेन बसायच्या कुठे? दीड मीटर रुंद चौकटीच्या आत पडदा बसवला आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर फट राहिली, तर खिडकीचा २.७ टक्के भाग सताड उघडा राहिला. म्हणजे शंभर टक्के ब्लॅकआउटचे पैसे मोजून प्रत्यक्षात मिळालं एक टक्का ओपननेसच्या जाळीपेक्षाही जास्त उघडं! सोनोग्राफीच्या खोलीला, प्रोजेक्टरच्या वर्गाला, रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांच्या हॉटेलला खरा अंधार हवा असेल तर पडद्याच्या कडा ज्यात सरकतात त्या बाजूच्या पन्हळी आणि वरची बंद पेटी यांवर खर्च करावा. कापड मग जरा स्वस्तातलं घेतलं तरी चालतं.

आणि शिवण नको. ब्लॅकआउट कापडाला जोड द्यायचा तर तो उष्णतेने चिकटवतात, शिवत नाहीत. का, ते पाहायचं असेल तर एखादा शिवलेला पडदा उन्हाच्या खिडकीवर लावा. सुईच्या भोकांतून समोरच्या भिंतीवर उजेडाच्या गोल टिकल्यांची रांग पडेल. भोक गोल नसलं, चिरल्यासारखं असलं, तरी टिकली गोलच. कारण ती भोकाची सावली नव्हे, ती सूर्याची प्रतिमा आहे. भिंत भोकापासून तीन मीटरवर असेल तर टिकली पावणेतीन-तीन सेंटिमीटरची. सूर्य आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट दूर आहे, तेच प्रमाण इथे भिंतीवर उमटतं. तीन मीटरला १०८ ने भागून पाहा. २१ जून २०२० च्या खंडग्रास ग्रहणात झाडांखाली ज्यांनी चंद्रकोरींचा सडा पाहिला असेल त्यांना हे नवीन नाही. खोली पुरेशी अंधारी असेल तर एखाद्या भोकातून समोरची अख्खी गल्ली उलटी होऊन भिंतीवर चालू लागते, स्कूटर छताला चिकटून धावतात. मुलांना दाखवायला हे उत्तम. प्रोजेक्टरवाल्या सरांना मात्र नाही.

दिशेबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण कापड इमारतीसाठी निवडत नसतात, खिडकीसाठी निवडतात. दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात बिनतक्रार असते. सूर्य डोक्यावर, दोन फुटी छज्जा पुरतो. हिवाळ्यात मात्र २१-२२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य ४४ अंशांच्या वर जात नाही आणि खोलवर आत येतो. त्याला कुणी नावं ठेवत नाही, पण संगणकाच्या पडद्यावर आला तर ठेवतात. तिथे पाच टक्क्यांची गडद जाळी बरी. पूर्वेचं ऊन कचेरी भरेपर्यंत वर सरकलेलं असतं. उत्तरेचं काय? चित्रकारांची शाळा म्हणते, उत्तरेचा उजेड सर्वांत चांगला, स्थिर, सावल्या न हलवणारा. इंदुरात दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ मध्ये चित्रकलेची शाळा काढली आणि ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन असे विद्यार्थी तिथून गेले. पण उत्तरेच्या उजेडाचा तो नियम युरोपातल्या आकाशाखाली बनला. इंदूर २२.७२ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरीपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य इथे भर माध्यान्हीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मे ते जुलै सकाळ-संध्याकाळ तर उघडच उत्तरेकडून येतो. पाच वाजता तो पश्चिमेपासून तेरा अंश उत्तरेकडे कललेला. ‘उत्तरेला काही लावायची गरज नाही’ हे पुस्तकातलं वाक्य इंदुरात तीन महिने खोटं ठरतं.

सर्वांत अवघड पश्चिम. तिथे लोक एक टक्क्याची जाळी लावतात आणि तरीही डोळे दिपतात म्हणून तक्रार करतात. तक्रार रास्त आहे. सूर्याच्या बिंबाची तेजस्विता दर चौरस मीटरला दीड अब्ज कँडेलांहून जास्त. संगणकाच्या पडद्याची अडीच-तीनशे. एक टक्का केला तरी दीड कोटी उरतं, पडद्याच्या पन्नास हजार पट. बिंब थेट नजरेसमोर येत असेल तर कुठलीही जाळी पुरणार नाही. तिथे एक तर पूर्ण अपारदर्शक कापड, नाहीतर टेबल नव्वद अंशांत फिरवून ठेवणं. दुसरा उपाय फुकट आहे म्हणून कुणी सांगत नाही. काही जण पश्चिमेला एकाच ब्रॅकेटवर दोन पडदे घेतात, पुढे जाळी, मागे ब्लॅकआउट. दुपारी चारपर्यंत जाळी आणि मग दुसरा. थोडं महाग, पण ऑफिससाठी माझं मत याच्याच बाजूने. झेब्रा ब्लाइंड दिसायला छान असतात, त्याहून जास्त काही मी त्यांच्याबद्दल बोलणार नाही.

खोलीचा वापर बदलला की तिच्या खिडकीची गरजही बदलते, हे इंदूरमध्येच एका प्रसिद्ध इमारतीवर दिसतं. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या सुमारास बर्लिनच्या एकार्ट मुथेझिउस या तरुण वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला. सजावट अगदी आधुनिक, फर्निचर त्या वेळच्या युरोपातल्या अव्वल कलावंतांचं. एका राजाने दुपारच्या उन्हात कुठे बसावं हा प्रश्न सोपा असतो, तो उठून दुसऱ्या दालनात जातो. आता तिथे केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आहे. कारकुनाला उठून जाता येत नाही.

आगीचा मुद्दा लोक शेवटी काढतात, मीही तेच केलं, पण तो शेवटचा नाही. १९८४ च्या दंगलीत होळकरांच्या जुन्या राजवाड्याचे लाकडी मजले जळाले ते इंदूर विसरलेलं नाही. माणसं जमतात अशा कुठल्याही जागी, वर्ग असो, दवाखाना असो, पडद्याचं कापड ज्योत धरतं का याचं प्रमाणपत्र मागावं. एनएफपीए ७०१ ही उभ्या लोंबत्या कापडाची अमेरिकन चाचणी त्यासाठी सर्वत्र ओळखली जाते. काचेचा धागा जळत नाही, पीव्हीसी सहज पेटत नाही पण जळालाच तर धूर वाईट करतो. आणि एक बारीकशी गोष्ट: पडदा काचेला अगदी चिकटून लावू नये. मधली हवा कोंडली की काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते, आणि त्या ताणाने काच तडकू शकते, विशेषतः उष्णता शोषणारी रंगीत काच. वर-खाली हवेला थोडी वाट ठेवावी.

हे सगळं झाल्यावरही आतलं कापड ही दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट आहे. एकदा ऊन काचेच्या आत आलं की कापडाने फक्त नुकसान कमी करायचं. काचेच्या बाहेर अडवलं तर तापतं ते कापड, आणि त्याची उष्णता बाहेरच्या बाहेर जाते. जुनी इंदूरची चिक बाहेर टांगलेली असायची, झडप बाहेर उघडायची, वाळा ओसरीला भिजायचा. त्यांना तरंगलांबी ठाऊक नव्हती, पण पडदा उन्हाच्या कोणत्या बाजूला हवा ते ठाऊक होतं. बाहेरून लावायची जाळीची कापडं आता मिळतात, वारा-पावसाला टिकणारी, तारांवर ताणून सरकणारी. इमारत अजून नकाशावर असेल तर आर्किटेक्टला पश्चिमेच्या भिंतीवर तेच आधी विचारा.

आणि इमारत उभी राहून गेली असेल, तर दुकानदाराकडून वीतभर नमुना घेऊन समाधान मानू नका. हातभर लांबीचे दोन नमुने मागा, एक पांढऱ्या पाठीचा, एक गडद, आणि मे महिन्यात पाच वाजता पश्चिमेच्या काचेवर आतून शेजारी शेजारी लावा. अर्ध्या तासाने दोन्हींच्या आतल्या बाजूला तळहात टेकवून पाहा, आणि मगच ऑर्डर द्या.